माय मला शोधत होती

माझी माय फार बोलायची. माणसांशी बोलायची तशीच चुलीशी, कोंबड्यांशी, विहिरीवरच्या मोटारीशीही बोलायची. चूल धुपायला लागली की म्हणायची, "काय झालं वं तुले आज? कोनाचा राग हाय?" मोटार बंद पडली की तिच्याशी अबोला धरायची आणि तो अबोलाही तिला मोठ्यानं सांगायची. मेडशीच्या टोकाला आमचं घर. मागच्या दारातून बाहेर पडलं की लगेच वावर. विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. त्याच्या पुढे सोयाबीन आणि तूर. मला सकाळी जाग यायची ती मायच्या आवाजानं. मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती दिवसभराचं सगळं बोलून घ्यायची, ऐकायला कुणी असो की नसो. बाबा मोजकं बोलणारे. ते म्हणत, "आपल्या घरात रेडिओचं कामच नाही." त्यावर माय म्हणे, "मंग आयका ना, फुकटचा हाय तं."

म्हणूनच तिचं बिनसायला लागलं ते आम्हाला कळलं नाही. ती एकटीच बोलते यात नवल नव्हतं. फरक एवढाच पडला की बोलता बोलता ती थांबायची, मान थोडी वाकडी करून ऐकायची आणि मग उत्तर द्यायची. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग ती प्यायचं पाणी वास घेऊन प्यायला लागली. भाजीत मीठ टाकायचं राहू लागलं. रस्त्यानं दोन माणसं बोलत गेली की ही दाराआड उभी राहून ऐके आणि म्हणे, "आपलंच चाललं हाय त्यायचं." झोप तर उडालीच होती. शेजारच्या वत्सलाकाकू, ज्यांची आणि आमची मधली भिंत एकच, त्या म्हणाल्या, "थकली असन. सोयाबीनच्या सोंगनीत लय राबली यंदा." आम्हालाही ते पटलं. पटवून घ्यायला ते सोपं होतं.

मी तेव्हा मालेगावला अकरावीत जात होते. एसटीनं सकाळी जायचं, दिवस कलताना परत यायचं. तुरी फुलावर आल्या होत्या, हवेत गारवा होता. त्या दिवशी मी घरात आले, दप्तर खुंटीला अडकवलं आणि नेहमीसारखं ओरडले, "माय, भूक लागली वं." माय चुलीपुढे बसली होती. तिनं वळून पाहिलं. पाहिलं म्हणजे बराच वेळ पाहत राहिली. आणि मग अगदी सौजन्यानं, दारात आलेल्या परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "कोनाकडं आली वं बाई?"

मी हसले. "मस्करी नोको करू माय."

"रंजी कुठी हाय?" तिनं विचारलं. रंजना माझं नाव.

"मीच तं हाय ना."

ती उठली. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर पडले होते, त्याची एक आडवी खूण माझ्या हनुवटीवर आहे. तिच्यावरून तिनं अंगठा फिरवला. तिचा हात गरम होता, पिठानं भरलेला होता. "खून बी तशीच काढली," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पन ते तू नाही." आणि माझी हनुवटी सोडून ती मागच्या दारी गेली आणि वावराकडे तोंड करून मला हाका मारू लागली. "रंजे! वो रंजे!" मी तिच्या मागे उभी होते.

ती बाबांना ओळखत होती. वत्सलाकाकूंना ओळखत होती, बैलांना ओळखत होती, दूरच्या सोयऱ्यांची नावं धडाधड सांगत होती. फक्त मला नाही. पुढं डॉक्टरांनी समजावलं की असं होतं. चेहरा ओळखू येतो, पण तो पाहिल्यावर आपलेपणाची जी ओढ उठायला हवी ती उठत नाही. मग मन आपल्या परीनं अर्थ लावतं की हे माणूस तसंच दिसणारं कुणी दुसरं आहे. आणि हे बहुतेक जवळच्याच माणसाबाबत होतं. आज मला हे सांगता येतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की एवढ्या मोठ्या जगात माझ्या मायनं नेमकं मलाच वगळलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. मी माझा कुडता घातला की ती चिडे. "माह्या पोरीचे कपडे हायेत ते. काढ." मग मी काकूंच्या मुलीचे, ती सासरी गेली होती तिचे, जुने कपडे घालू लागले. मी रडून, शपथा घालून, लहानपणीच्या गोष्टी सांगून पटवायचा प्रयत्न करे. मी जितकं नेमकं सांगे तितकी ती घाबरे. "हे तुले कोनं सांगतलं? रंजीनं सांगतलं काय? कुठी ठेवलं तिले?" एकदा तिच्या डोळ्यांत माझी भीती दिसली. माझ्यासाठीची नव्हे, माझीच. त्यानंतर मी पटवणं सोडून दिलं.

सोडलं तेव्हा ती शांत झाली. घरात कुणाची तरी पोर येऊन राहिली आहे, तिला टाकून तर देता येत नाही, असं तिनं धरलं. ती मला पाहुण्यांच्या स्टीलच्या ताटात वाढू लागली. "घे वं बाई, लाजू नोको." मी तिची लेक असताना तिनं मला असं कधी आग्रहानं वाढलं नव्हतं, "हातानं घे, पाय मोडले काय?" असंच ती म्हणायची. तुरीच्या ओल्या शेंगा सोलून सोल्यांची भाजी करायचे दिवस होते ते. लसूण, हिरवी मिरची, पाट्यावर जाडसर वाटलेले हिरवे सोले आणि ज्वारीची भाकर. मला त्या भाजीपुढे दुसरं काही सुचत नसे हे मायला ठाऊक होतं. भाजी झाली की ती आधी एक वाटी भरून, वर ताटली झाकून बाजूला ठेवायची. "रंजीची हाय." मग मला थोडी वाढायची. सकाळी ती वाटी आंबलेली असायची आणि माय ती मागच्या दारी गाईपुढे ओतताना रडायची. मी माझ्या वाटणीची भाजी रोज अशी शिळी होताना पाहिली.

रोज दिवस कलला की ती मला म्हणायची, "जाय वं बाई आता. तुही माय वाट पाहत असन." मी म्हणायची, "हो, जातो थोड्या वेळानं." यावर ती मान हलवायची आणि बाजूला चटई टाकायची.

मायचा मोठा भाऊ, माझा मामा, मानोऱ्याकडे राहायचा. त्याच्या कानावर गेलं तसा तो आला. मायला समोर बसवून त्यानं विचारलं, "कमे, मले वळखतं काय?" माय म्हणाली, "तुले काय झालं भाऊ, तुले न वळखाले?" मग त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. माय म्हणाली, "ते बिचारी कोनाची हाय कोन जाने." मामा उठून अंगणात गेला आणि उपरण्यात तोंड घालून रडला. रडून झाल्यावर त्यानं बाबांना सांगितलं की एका ठिकाणी असल्या माणसांना नेतात, तिथं काही महिने ठेवावं लागतं, लोक बरे होऊन येतात.

"ठेवतात म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"खांबाले बांधतात, भाऊजी. पयून जाऊ नये म्हनून. तिच्या भल्यासाठीच."

बाबा सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते. ते थांबले नाहीत. "माह्या बायकोले मी बांधू देनार नाही," ते म्हणाले.

मामा वाईट माणूस नव्हता. मायला त्यानं कडेवर वाढवली होती, आणि बहीण अशी झालेली त्याला पाहवत नव्हती. त्याला काहीतरी करायचं होतं आणि त्याला एवढंच ठाऊक होतं. त्यानं बाबांकडून कबूल करून घेतलं की सोयाबीन विकून झालं की काहीतरी उपाय करायचाच, नाहीतर तो स्वतः गाडी घेऊन येईल.

त्यानंतर फोनचं झालं. बाबांनी त्या वर्षी एक साधा मोबाइल घेतला होता, बाजारात भाजीला काय भाव आहे ते वाशीमच्या अडत्याला विचारण्यासाठी. एके दिवशी मालेगावच्या स्टँडवर माझी गाडी चुकली. पुढची उशिरा होती. स्टँडवर रुपया टाकायचा लाल डबा होता, त्यावरून मी बाबांना कळवायला फोन लावला. फोन मायनं उचलला.

"हॅलो, कोन?"

मी सवयीनं म्हणाले, "माय, मी बोलतो."

मग मायचा जो आवाज आला तो मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "रंजे! अवं रंजे! कुठी हायस वं तू? मी किती शोधली तुले! जेवली काय? कोनापाशी हायस? बोल ना वं!"

आजूबाजूला गाड्यांचा, कंडक्टरांचा गोंगाट होता. एक म्हातारी डब्याजवळ उभी राहून माझं संपायची वाट पाहत होती. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. शेवटी म्हणाले, "मी बरी हाय माय. जेवली. येतो मी घरी." रुपया संपला.

घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं की आता सगळं सुटलं. मी गल्लीतूनच धावत आले. माय दारातच उभी होती, तोंड फुललेलं. मला पाहून ती पुढे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आयकलं काय वं बाई? माह्या रंजीचा फोन आला होता! जिती हाय ते! येतो म्हने." त्या आनंदात तिनं मला जवळ घेतलं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तशीच उभी राहिले. बाबा ओसरीवर होते. ते उठून मागच्या दारी गेले.

तेव्हापासून मी रोज फोन करू लागले. वत्सलाकाकूंच्या मुलाचा फोन घरी असायचा. काकू मागच्या पडवीत मला पाट टाकून देत आणि स्वतः बाहेर जाऊन बसत. भिंतीपलीकडे माय, अलीकडे मी. कधी कधी तिचा आवाज फोनमधून आणि भिंतीवरून असा दोन्हीकडून ऐकू यायचा. रंजी वाशीमला होस्टेलात राहून शिकते असं आम्ही ठरवलं होतं. रंजी तिथं कशी गेली हे माय विचारत नसे, आवाज ऐकला की तिला पुरे होई. ती विचारे, "डोक्याले तेल लावतं का? सर्दी झाली वाटते, आवाज बसला तुहा." ती गावातल्या गोष्टी सांगे. घरातल्या त्या पोट्टीबद्दल, म्हणजे माझ्याबद्दलही सांगे. "चांगली हाय वं. काम न सांगता करते. पन कदीकदी मले अशी पाह्यते का मले तोंड फिरवा लागते."

फोन ठेवून मी घरी जायची आणि ती मला रंजीनं काय सांगितलं ते सांगायची.

माझी लेक आता दहावीला आहे. ती मला विचारते, "आई, तू कशी काय सहन करायचीस?" मला तिला नीट उत्तर देता येत नाही. खरं सांगायचं तर त्या फोनसाठी मी दिवसभर जगत होते. दिवसातली तेवढी दहा मिनिटं मला माय होती.

सोयाबीन विकून झालं आणि मामा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. बाबांनी तोपर्यंत चौकशी केली होती. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजाराचा डॉक्टर बसतो असं त्यांना गावातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. मामा म्हणाला, "एक डाव दाखवा. नाही जमलं तं तिथूनच मी तिले घेऊन जातो." वाशीमचं नाव काढताच माय तयार झाली. रंजी वाशीमला होती ना. तिनं लग्नातलं लुगडं काढलं. पहाटे उठून सोल्यांची भाजी केली, भाकरी केल्या, डबा फडक्यात बांधून मांडीवर घेतला. मामाच्या गाडीत बसायला मात्र ती तयार होईना. ती गाडी आपल्याला कुठं नेईल याचा तिला भरवसा नव्हता. म्हणून आम्ही तिघं एसटीनं निघालो आणि मामा मागून आला.

गाडीत माय माझ्या शेजारी बसली. तिनं मला खिडकी दिली. "माह्यी रंजी बी खिडकीपाशीच बसते," ती म्हणाली. "लहानपनी ओकारी होये तिले गाडीत. मी पदरात लिंबू घेऊन बसो." मालेगाव गेलं, गाडीत गर्दी वाढली, आणि माय बोलतच राहिली. खूप दिवसांनी ती पूर्वीसारखी बोलत होती. "शिकाले लय हुशार नाही ते. पन धरलं का सोडत नाही, बापावर गेली. झोपीत दात खाते. रागावली का जेवत नाही, मंग चोरून भाकर खाते, अन् तिले वाटते मले समजत नाही." ती हसली. मग डब्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत म्हणाली, "तिच्याआधीचं एक राह्यलं नाही माह्यं. म्हनून तिले कदी लाडानं बोलली नाही मी. नजर लागते. पन सांजच्या पारी दारातून तिचा आवाज आला ना, का मले घर भरल्यावानी वाटे. हे तिले मी कदी सांगतलं नाही."

मी खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर तुरीची वावरं होती. मी वळले असते तर तिनं माझं तोंड पाहिलं असतं.

दवाखान्यात लांब बाकड्यावर बसून आमचा नंबर यायला बराच वेळ लागला. माय दर येणाऱ्या मुलीकडे मान वर करून पाही. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे, पण नीट ऐकून घेणारे. त्यांनी मायला झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. तिनं दोन-तीन उत्तरं दिली आणि मग तिच्या लक्षात आलं. "हा तं दवाखाना हाय," ती बाबांना म्हणाली. "माह्यी पोरगी कुठी हाय? मले काय झालं? तुमी मले फसवून आनलं." ती उठली. डबा छातीशी धरून दाराकडे निघाली. दारात मामा उभा होता. त्यानं तिचा दंड धरला, आणि ती किंचाळली. बाहेरची माणसं आत पाहू लागली. मामाचे डोळे पाण्यानं भरले होते, पण दंड त्यानं सोडला नाही. "भाऊजी, झालं ना आता?" तो म्हणाला. "आता मी म्हनतो तसं करा."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी मामाच्या खिशातला मोबाइल काढून घेतला आणि बाहेरच्या व्हरांड्यात पळाले. तिथं एक जाळीची खिडकी होती, त्यातून आतलं दिसत होतं. मी बाबांचा नंबर लावला. बाबांनी खिशातून फोन काढला, त्यावर मामाचं नाव पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी फोन मायच्या कानाला लावला.

"माय."

ती किंचाळायची थांबली. "रंजे? कुठी हायस वं? आम्ही वाशीमले आलो. तुह्यासाठी सोले आनले."

"माय, आयक. त्या डॉक्टरपाशी बस. ते इचारतीन ते सांग त्यायले."

"तू ये अगोदर."

"मी नाही येऊ शकत, माय."

"काहून?"

तिथं मी खोटं सांगू शकले असते. परीक्षा आहे, होस्टेलात सोडत नाहीत, असलं काहीही. रोज सांगतच होते. पण जाळीतून ती मला दिसत होती. तिचं ते लग्नातलं लुगडं, फोन कानाशी घट्ट धरलेला हात, आणि दुसऱ्या हातातला डबा. माझ्यानं ते झालं नाही. मी म्हणाले, "माय, मी आली तरी तुले मी दिसत नाही. तुह्या मनाले बरं नाही. म्हनून दिसत नाही. तू औषध घे, बरी हो. मंग मी दिसन तुले."

मामानं तिचा दंड कधी सोडला ते मला कळलं नाही. डॉक्टर आपल्या खुर्चीत हलले नव्हते, त्यांनी कुणाला बोलू दिलं नव्हतं.

"तू जवळच हायस काय?" मायनं विचारलं.

"हो माय. लय जवळ हाय."

"मंग घेतो मी औषध." मग तिनं आवाज खाली केला. "पन माह्यं एक काम कर. आमच्या घरी ते एक पोट्टी राह्यते, तुले सांगतलं ना. आज बी आली हाय संगं. तिची माय कुठीतरी तिच्यासाठी रडत असन. तू शिकलेली हायस. तिले तिच्या मायपाशी पोचवून दे."

"देतो," मी म्हणाले.

"रडतं काय वं?"

"नाही."

"नोको रडू. मी हाय ना," माय म्हणाली, आणि फोन बाबांकडे देऊन डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

मामा व्हरांड्यात आला. मी त्याला फोन परत दिला. तो म्हणाला, "मी खाली गाडीपाशी बसतो, पोरी." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. त्यानंतर त्या दुसऱ्या ठिकाणाचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही. मायच्या दवाखान्याच्या तारखेला मानोऱ्याहून येऊन तोच तिला वाशीमला नेऊ लागला.

गोळ्या मी देत असे. बाबांच्या हातून ती घेत नसे. घरच्यांनी फसवून आणलं होतं ना तिला. परक्या पोरीवर तिचा जास्त विश्वास होता. त्या गोळ्यांनी आधी तिचं बोलणं गेलं. ती झोपून राहायची, उठली की भिंतीकडे पाहत बसायची. जीभ जड झाली, हात थरथरायचे. चुलीशी, कोंबड्यांशी बोलायचं ती विसरूनच गेली. घर इतकं मुकं झालं की सकाळी मला जागच येईना. मग एक दिवस मी अंथरुणात असतानाच बाबांचा आवाज ऐकला. ते मेथीच्या जुड्या बांधत बसले होते आणि एकटेच बोलत होते. अडखळत, लाजत. "आज पालक बरी हाय. वांग्यायले कीड लागली काय तं पाहा लागन." जन्मभर न बोललेला माणूस तो. माय त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसली होती. त्यांनी ते मग रोज केलं. डॉक्टरांनी पुढं औषध बदललं, हात थरथरायचे थांबले, पण बाबांचं ते सकाळचं बोलणं थांबलं नाही.

ती मला कधी ओळखू लागली हे मला नेमकं सांगता येणार नाही. ते एका क्षणात झालं नाही. आधी तिनं ती वाटी झाकून ठेवणं बंद केलं. मग एकदा मी चुकून माझाच कुडता घातला तर तिनं पाहिलं आणि काही म्हटलं नाही. "बाई" म्हणणं कमी झालं, पण "रंजे"ही म्हणत नसे. मला काहीच म्हणत नसे. ते दिवस मला आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले. मी आता तिची पाहुणीही नव्हते. उन्हं तापायला लागली होती. एका संध्याकाळी मी काकूंच्या पडवीत बसून फोन लावला. मायनं उचलला. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "माय, मी बोलतो. जेवली काय?"

"तू काहून वत्सलाच्या घरून फोन करून राह्यली?" माय म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, जरा वैतागलेला. "घरी ये ना. भाकर थंडी होऊन राह्यली."

मी फोन खाली ठेवला. काकू पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच मला हात धरून उठवलं आणि आमच्या दारापर्यंत आणून सोडलं. माय तव्यावरची भाकर उलटत होती. तिनं मान वर केली. "हात धू," ती म्हणाली. बस, एवढंच.

लोकांना वाटतं की इथं गोष्ट संपली. ती तशी संपत नाही. मायचा आजार पुढं पुन्हा उलटला. गोळ्या सुटल्या की उलटे, आणि गोळ्या कधीतरी सुटतच. कधी तिला आवाज ऐकू येत, कधी ती जेवत नसे. मला मात्र ती पुन्हा कधी विसरली नाही. पण पूर्वीची माय परत आली असं मी म्हणणार नाही. चुलीशी बोलणारी ती बाई त्या हिवाळ्यातच कुठंतरी राहिली. जी परत आली ती शांत होती, सावध होती. बोलायच्या आधी विचार करायची, आणि माझ्याकडे पाहताना तिची नजर एक क्षण जास्त थांबायची. मी त्या क्षणाला फार घाबरायची. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. बाबा माझ्याकडे वाशीमला असतात.

आजारात झालेल्या गोष्टी तिला आठवत नसतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. घरात कुणी त्यातलं काही काढत नसे. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांसाठी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या. विहिरीवर आम्ही दोघीच होतो. भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही, तिची दोन टोकं दोघींनी धरून उलट्या बाजूंनी पिळावी लागते. तशी आम्ही पिळत होतो. मायनं मधेच विचारलं, "त्या सालात मी तुले लय तरास देला. नाही?"

"नाही वं माय. तुले कुठी आठवते?"

"मले सगळं आठवते," ती म्हणाली. "तू समोर बसली राहे, अन् माहा जीव तुह्यासाठी तुटे. दोनी खरं होतं वं. मी काय करू?"

गोधडीचं पाणी आमच्या पायांवर पडत होतं.

"तुले भेव वाटे काय माह्यं?" तिनं विचारलं.

तिला मी आजवर खूप खोटं सांगितलं होतं, तिच्या भल्यासाठी. त्या दिवशी सांगितलं नाही. "वाटे," मी म्हणाले.

"मले बी," माय म्हणाली. "मले बी वाटे." तिनं तिच्याकडचं टोक हाताला एक वेढा देऊन घट्ट केलं आणि मला म्हणाली, "पीळ."